भरतीची घंटा

घंटा म्हटली की तिच्या दोराला एक हात असतो, हे आपण गृहीत धरतो. पहाटेची प्रार्थना असो, लग्न असो वा मरण असो, कुणीतरी माणूस दुसऱ्या माणसांना बोलावीत असतो. वसईच्या घंटांचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. 1739 च्या मोहिमेनंतर त्या नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, वाईजवळच्या मेणवलीत जाऊन टांगल्या गेल्या. धातू तोच राहिला, नाद तोच राहिला. बोलावणारे आणि ऐकणारे मात्र बदलले. घंटेचा अर्थ काशात नसून तिच्याभोवती जमणाऱ्या माणसांत असतो, हा धडा त्या घंटा आजही देत आहेत.

या जाणिवेने आम्ही मार्कस व्हर्जेट या शिल्पकाराच्या एका कृतीकडे वळतो. व्हर्जेट शिल्पकार आहेत, तसेच संगीतकारही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात त्यांचे वास्तव्य आहे. 2001 साली लाळ-खुरकत रोगाने तेथील गोठे ओस पडले, तेव्हा खचलेल्या हायॅम्प्टन गावासाठी त्यांनी एक घंटा घडविली. त्यातूनच पुढे ‘काळ आणि भरती’ या नावाची घंटांची मालिका जन्मास आली. पहिली घंटा 2009 मध्ये डेव्हनमधील अ‍ॅपलडोर येथे टांगली गेली. नंतर स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, लंडनमध्ये थेम्सकाठी आणि 2011 मध्ये वेल्समधील अबरडव्ही येथे. मालिका पुढेही वाढत गेली. या घंटांना दोर नाही आणि ओढणारा हातही नाही. भरतीचे पाणी चढते, लोलकाला हलविते आणि घंटा बोलू लागते. ओहोटी लागली की ती मुकी होते.

या सर्वांत अबरडव्हीची घंटा आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटते, ती तिच्या जागेमुळे. डव्ही नदी जेथे समुद्रास मिळते तेथे चिखलाची मैदाने आहेत, भरतीच्या पाण्याने भिजणारी खाजणे आहेत आणि खाडीच्या दक्षिणेस कोर्स फोख्नो ही शेवाळाच्या थरांवर हजारो वर्षे वाढत आलेली दलदल आहे. हा सारा पाणथळ प्रदेश रामसर यादीत समाविष्ट आहे. येथे जमीन कोठे संपते व पाणी कोठे सुरू होते, हे दिवसातून दोनदा नव्याने ठरते. अशा अनिश्चित सीमेवर, धक्क्याच्या खाली, ही घंटा लटकते आहे.

याच किनाऱ्याची एक जुनी दंतकथा आहे. कांत्रेर ग्वाएलोद नावाचा सुपीक प्रांत बांधांच्या आधाराने समुद्रापासून राखलेला होता. दरवाजांचा रखवालदार सेथेनिन एका रात्री मद्याच्या धुंदीत राहिला, दरवाजे उघडे राहिले आणि प्रांत बुडाला. शांत दिवशी पाण्याखालून त्याच्या घंटा ऐकू येतात, असे लोक सांगतात. ही कथा निव्वळ कल्पनेवर उभी नाही. समोरच्या बोर्थच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या अरण्याचे बुंधे उघडे पडतात. 2014 च्या वादळांनी ते आणखी उघडे केले. समुद्राने येथे खरोखरच भूमी गिळली होती.

व्हर्जेट यांच्या घंटेने या कथेचा क्रम उलटा केला आहे, हे तिचे मोठे यश होय. कथेतील घंटा बुडाल्यानंतर वाजते. ही बुडण्याआधी वाजते. समुद्राची पातळी वाढेल तसतशी ती अधिक काळ व अधिक वेळा वाजेल, पाण्यात शिरेल तसा तिचा स्वर बदलेल, ही योजना शिल्पकाराने मुळातच तिच्यात घातली आहे. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरने चढली. हा आकडा कागदावर निर्जीव वाटतो. तोच आकडा नादात उतरविण्याचे काम ही घंटा करते. आणि तेही कोणताही उपदेश न करता.

तथापि आमचे काही आक्षेप आहेत. पहिला असा, की हा नाद गोड आहे. संकटाची सूचना इतकी मंजुळ असावी काय? आणि रोजच्या भरतीत जी वाजते, तिचा इशारा रोजच्या सवयीत विरून जाणार नाही काय? उधाणाला ती मोकळेपणी बोलेल, भांगाच्या भरतीला कदाचित गप्प राहील. या चढउतारातून दशकांचा फरक ओळखणे कानाला अशक्यप्राय आहे. दुसरा आक्षेप आमच्या स्वतःवरच येतो. आम्ही ही घंटा ध्वनिमुद्रणावरून ऐकली. मुद्रणात नाद असतो; दोन भरतींमधील दीर्घ मौन मात्र गाळलेले असते. ज्या शिल्पाचा अर्धा भाग मौनाचा आहे, ते असे ऐकणे म्हणजे अर्धेच ऐकणे होय. म्हणून आमचा निर्णय आम्ही काहीशा संकोचाने देत आहोत.

तरीही पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्या कृतीतच आहे, असे विचारान्ती वाटते. एका माणसाला एका भेटीत ही घंटा काहीच सांगू शकत नाही. तिला असा ऐकणारा हवा, जो त्याच धक्क्यावर वाढला, ज्याने लहानपणी ती किती वेळ वाजे हे लक्षात ठेवले आणि आपल्या नातवाला सांगितले. म्हणजे शिल्पकाराने केवळ धातू ओतला नाही, तर ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांची मागणी केली आहे. त्या पिढ्या लाभल्या नाहीत, तर ही घंटा किनाऱ्यावरील एक शोभेची वस्तू ठरेल. आणि तो दोष तिचा नसेल.

सेथेनिनची चूक त्याला घंटा ऐकू आली नाही ही नव्हती. ती ऐकण्याच्या अवस्थेत तो नव्हता. अबरडव्हीच्या घंटेला हात नाही. परंतु दरवाजे अजूनही माणसाच्याच हाती आहेत. भरतीने आपले काम चोख चालविले आहे. रखवालदार जागा आहे की नाही, एवढाच प्रश्न आता उरतो.