दैत्याची लेक

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ सालची. तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. तीतली शर्मिष्ठा म्हणजे दैत्यराज वृषपर्व्याची लेक. या एका ओळखीचा अर्थ मी कित्येक वर्षे चुकीचा लावला.

कीर्तनात हे आख्यान आले की मी म्हणायचो, “राक्षसाचीच पोर ती, देवयानीला विहिरीत ढकलणारच!” हशा हमखास मिळे. एकदा मुक्ताईनगरला कीर्तन उतरल्यावर एक म्हातारी पायाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “बुवा, मंग प्रल्हाद कोनाचा व्हता?”

मी निरुत्तर झालो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात माउलींनी प्रल्हादाचाच दाखला देऊन भक्तीपुढे कुळ मोजायचे नाही असे सांगितले आहे. त्या ओव्या मला पाठ. तरी मी कुळावर हशा घेत होतो.

मग कादंबरी पुन्हा उघडली. शर्मिष्ठेचा अपराध खरा आहे. पण पुढे पाहा. शुक्राचार्य रागावून राज्य सोडायला निघाले, तेव्हा आपल्या माणसांसाठी या राजकन्येने देवयानीचे दासीपण पत्करले. उलट ऋषीच्या घरी वाढलेल्या देवयानीला अभिमान सोडवला नाही. आणि ययाती तर थोर कुळातला राजा. त्याची वासना पोटच्या मुलाचे तारुण्य मागण्यापर्यंत गेली. गीतेचा सोळावा अध्याय आसुरी संपत्ती सांगतो : दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोर वाणी, अज्ञान. या यादीत बापाचे नाव कुठेच नाही. म्हणून ‘दैत्याची लेक’ हे शब्द तिचा स्वभाव सांगत नाहीत. वाचणाऱ्याची परीक्षा घेतात.

पण माउली, आता देवयानीला राक्षसी ठरवू नका. कचाने नाकारल्याचे दुःख तिच्याही पदरी होते. शर्मिष्ठेच्या पुरूच्या वंशात पांडव झाले, देवयानीच्या यदूच्या वंशात श्रीकृष्ण. कुरुक्षेत्रावर एकाच रथात दोन्ही घरे बसली होती.

आता गुडघे पंढरीपर्यंत नेत नाहीत. मुक्ताईची पालखी निघते तेव्हा वेशीपर्यंत जातो आणि दिंडीत ती माय शोधतो. दिसली, तर या वेळी मीच पायाशी वाकेन.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!