ताण फोटोत दिसत नाही

‘इमेजिंगने हाडातला ताण शोधला’ असं शीर्षक दिसलं की जरा थांबा. एक्स-रे, सीटी, डेक्सा, यातल्या कशातच ताण दिसत नाही. किरण किती शोषले गेले ते कळतं, त्यावरून घनता काढतात. ताण पुढे कॉम्प्युटरवर गणिताने येतो. (मराठीत आपण स्ट्रेस आणि स्ट्रेन दोन्हींना ताणच म्हणतो, त्यामुळे गोंधळात भर.)

मूळ प्रश्न मात्र खरा आहे. खुबा बदलताना मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, हाडाच्या टणक कवचाचा १५ ते २०. भार दांडीच पेलते. शेजारच्या हाडाला काम उरत नाही, ते विरळ होतं. वोल्फने १८९२ साली हाड आणि भाराचं हेच नातं मांडलं.

साध्या एक्स-रेवर हे कळेपर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास खनिज गेलेलं असतं. डेक्सा थोड्या टक्क्यांचा फरकही पकडतो. तो ग्रुएनच्या (१९७९) सात विभागांत मोजतात. सातव्यात, म्हणजे वर आतल्या बाजूला, झीज बहुधा सर्वांत जास्त. पण स्कॅनच्या वेळी पाय थोडा वळला तरी आकडा बदलतो. शिवाय तुलनेला ऑपरेशननंतर लगेचचा स्कॅन हवा. शिरूरच्या माझ्या आजीचा तो काढलाच नव्हता. दोन वर्षांनी मांडी दुखायला लागली तेव्हा एक्स-रे बघून ‘ठीक दिसतंय’ म्हणाले. कशाच्या तुलनेत ठीक?

आता खरी तक्रार. असे पेपर वाचताना आधी मेथड्समध्ये भार कुठून घेतला ते शोधा. बऱ्याचदा बर्गमान, २००१ सापडेल. बर्लिनमधल्या चार रुग्णांच्या खुब्यात मापक बसवून मोजलेलं सुंदर काम: चालताना सरासरी शरीराच्या वजनाच्या २३८ टक्के भार. दोष त्या कामाचा नाही. पण ते चार जण ना उसाची मोळी उचलत होते, ना मांडी घालून जेवायला बसत होते. डॉक्टर बसू नका म्हणतात, दौंडकडची माणसं बसतातच! मग सीटी इथल्या पेशंटचा, भार बर्लिनचा, आणि निष्कर्षात ‘भारतीय रुग्णांसाठी’.

माझ्या मॉडेलमध्येही सध्या तेच २३८ आहेत. गाइडना दाखवायच्या मसुद्यात त्यापुढे मी लाल शाईने ‘कुणाचे?’ असं लिहून ठेवलंय.