सरहद्दीवरचं गाव पुस्तकात कुठे आहे?

17 सप्टेंबर जवळ आला की मी अनंत भालेरावांचं ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ पुन्हा उघडतो. लेखक लढ्यातला, शिवाय ‘मराठवाडा’ दैनिकाचा संपादक. त्यामुळे कथनात धग आहे आणि शिस्तही. तरी जालन्यात बसून या लढ्याची पुस्तकं वाचताना मला दर वेळी एक अडचण येते.

जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी. लढ्याच्या काळात भोकरदन, जाफराबाद, अंबड औरंगाबादेत होते, परतूर परभणीत. म्हणून जिल्हावार लिहिलेल्या इतिहासांत आमची आघाडी तुकड्यातुकड्यांनी शोधावी लागते. पण लढाई जिल्ह्यांनुसार नव्हती, सरहद्दीनुसार होती. जाफराबादच्या पलीकडे बुलढाणा, म्हणजे वऱ्हाड, म्हणजे भारत. निजामाच्या पोलिसांना आणि कासिम रझवीच्या रझाकारांना तिथे हात घालता येत नव्हता. स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कॅम्प अशाच हद्दीबाहेरच्या गावांत उभे राहिले. तिथून रात्री यायचं, करोडगिरीचा नाका किंवा पोलीस ठाणं गाठायचं, उजाडायच्या आत परतायचं.

आठवणींच्या पुस्तकांचा आकारही तसाच झाला आहे: निघालो, हल्ला केला, परतलो. कॅम्प नायक, गाव येतं ते भाकरीपुरतं. पण कार्यकर्ता परतल्यावर सकाळी रझाकार त्याच गावात येत. लेव्हीचं धान्य कुणी दडवलं, शिंदीची झाडं कुणी तोडली, रात्री कुणाकडे जेवण झालं, याची उत्तरं देणाऱ्यांना परतायला दुसरं गाव नव्हतं. गनिमी युद्धाचा खरा भार तिथे पडतो, आणि नेमकं तिथेच आपलं लेखन घाईत पुढे सरकतं.

शेवटही तसाच. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला, झेंडा लागला, पुस्तक संपलं. त्यानंतर राज्यात मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्यातल्या मृतांचा अंदाज सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार असा दिला. त्यांतले बहुतेक रझाकार नव्हते, शेजारी होते.

हे लिहिल्याने लढा लहान होत नाही. निजामी जुलूम खरा होता, कॅम्पवाल्यांचं धाडसही खरं. पण सरहद्दीचा इतिहास सरहद्द ओलांडणाऱ्यांनीच सांगितला. जे जागेवर राहिले, त्यांचं पुस्तक मला अजून वाचायचं आहे.