स्किला प्रजातीचे वर्गीकरण आणि भारतीय लेखनातील नामसंभ्रम

कांदळवनातील चिखलात बिळे करून राहणारी मोठी चिंबोरी प्राणिशास्त्रात ‘स्किला’ या प्रजातीत मोडते. पोर्टुनिडी या पोहणाऱ्या खेकड्यांच्या कुलातील ही प्रजाती दे हान याने 1833 मध्ये स्थापिली. तिच्यात जाती किती, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला.

फोर्स्कोल या निसर्गवैज्ञानिकाने तांबड्या समुद्रातील खेकड्याला ‘सेराटा’ हे जातिनाम दिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1775 मध्ये प्रसिद्ध झाले. हर्ब्स्टने 1796 मध्ये ‘ऑलिव्हेसिया’ आणि फॅब्रिसियसने 1798 मध्ये, तरंगमबाडीच्या जुन्या नावावरून, ‘ट्रांक्वेबारिका’ ही नावे दिली. 1949 मध्ये एस्टाम्पाडोर यांनी फिलिपीन्समधील खेकड्यांत तीन जाती व एक उपप्रकार मानला. 1960 मध्ये स्टीफन्सन व कॅम्पबेल यांनी ते सर्व पुन्हा ‘सेराटा’ या एकाच नावाखाली आणले. किनन, डेव्ही व मान यांनी 1998 मध्ये प्रथिने, मायटोकॉन्ड्रियातील दोन जनुके आणि शरीराची मोजमापे यांच्या आधारे सेराटा, ट्रांक्वेबारिका, ऑलिव्हेसिया व पॅरामामोसाइन अशा चार जाती निश्चित केल्या.

या पुनर्रचनेचे बळ असे की तिने रंगावर भिस्त ठेवली नाही. खेकड्याचा रंग परिसरानुसार पालटतो. त्याऐवजी डोळ्यांमधील कपाळकाट्यांची उंची व आकार, नांगीच्या मनगटावरील काटे आणि पायांवरील बहुकोनी जाळी ही लक्षणे एकत्र पाहिली गेली. सेराटाचे कपाळकाटे उंच, मनगटावर दोन ठळक काटे आणि जाळी सर्व पायांवर. ऑलिव्हेसियाचे कपाळकाटे बुटके व गोलसर, मनगटावरील काटे खुरटलेले आणि जाळी जवळजवळ नाहीच. मर्यादाही आहे. लक्षणांची ही सारणी प्रौढ खेकड्यांना लागू पडते, कोवळ्या पिलांना तितकीशी नाही. आणि संवर्धनासाठी खाडीतून गोळा होतात ती पिलेच.

भारतीय लेखनात हा बदल अपुराच झिरपला. येथे मोठ्या जातीस ‘ट्रांक्वेबारिका’ आणि लहान जातीस ‘सेराटा’ म्हणण्याचा प्रघात रूढ होता. नंतरच्या जनुकीय अभ्यासांतून असे दिसून आले की या किनाऱ्यांवरील मोठी जाती हीच खरी सेराटा असून लहान जाती ऑलिव्हेसिया आहे. म्हणजे ‘सेराटा’ हेच नाव जुन्या निबंधांत एका प्राण्याचे आणि नव्या निबंधांत दुसऱ्याचे आहे. नावे केवळ अदलाबदल झाली असती तर दुरुस्ती सोपी होती. परंतु ज्या लेखकांनी 1960 चे मत स्वीकारले, त्यांच्या ‘सेराटा’त दोन्ही जाती मिसळलेल्या असू शकतात.

हा वाद निव्वळ नामकरणाचा नाही. सेराटा ही तुलनेने अधिक खाऱ्या पाण्यातील कांदळवनात आढळते, ऑलिव्हेसिया कमी क्षारतेतही टिकते. सेराटा आकाराने बरीच मोठी होते. मादी कात टाकून मऊ असताना समागम होतो, पुढे ती अंडी घालण्यासाठी खुल्या समुद्राकडे जाते. हा क्रम एकसारखा असला तरी परिपक्वतेचे आकारमान आणि अंड्यांची संख्या जातीनुसार भिन्न आहे. किती रुंदीच्या कवचाखालील खेकडा पकडू नये, हे अशाच आकड्यांवरून ठरते. लहान जातीचा आकडा मोठ्या जातीला लावल्यास अंडी घालण्यापूर्वीच माद्या पकडल्या जाण्याचा धोका असतो.

महाविद्यालयीन शोधनिबंधांतील नेहमीचे वाक्य, ‘नमुन्यांची ओळख प्रमाणित ग्रंथांच्या आधारे पटविली’, येथे पुरेसे नाही. ग्रंथ कोणता, लक्षणे कोणती पाहिली आणि नमुना कोठे जतन केला, हे सांगितल्याविना त्यातील आकडे कोणत्या जातीचे, हे वाचकास कळत नाही. प्राणिशास्त्र विभागांच्या संग्रहालयांतील फॉर्मेलिनच्या बरण्यांवरही ‘स्किला सेराटा’ अशा जुन्या चिठ्ठ्या असतात. फॉर्मेलिनमध्ये रंग उडतो आणि जनुकीय तपासणी अवघड होते. कपाळाचे व मनगटाचे काटे मात्र शाबूत राहतात. नमुन्याचे ठिकाण व साल चिठ्ठीवर असेल, तर त्यावर आधारलेल्या जुन्या प्रबंधाची जाती भिंग आणि मोजपट्टी घेऊन आजही तपासता येते.