‘पूर्वानुभव’ नावाचा रकाना

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. नाटक कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे. आज समित्या बदलल्या आहेत, संविधानाने राखीव जागा दिल्या आहेत. तरीही नाट्यशिक्षणाच्या प्रवेशअर्जात हा प्रश्न एका छोट्या रकान्यात लपून बसलेला असतो. त्या रकान्याचे नाव ‘पूर्वानुभव’.

१९५९ साली स्थापन झालेले दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय पदवीबरोबर नाट्यप्रयोगांतील सहभागाचीही अट घालते. अट गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण अनुभव म्हणजे काय? राज्य नाट्यस्पर्धा, पुण्यामुंबईच्या एकांकिका स्पर्धा, नाट्यशिबिरे, असेच उत्तर आपली मुलेही गृहीत धरतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने हा रकाना कोरा ठेवला होता. त्याचा आजा जलशात बतावणी करायचा. हा स्वतः दहा वर्षांचा असल्यापासून दर चौदा एप्रिलला वस्तीतल्या ओट्यावर उभा राहतो, ढोलकी वाजवतो, सोंग काढतो, हजार माणसे हसवतो आणि गप्पही करतो. “मग हे का नाही लिहिलंस?” मी विचारले. तो म्हणाला, “सर, ते काय नाटक आहे का?”

हे वाक्य त्याला कोणी शिकवले? मला उत्तर देताना लाज वाटते. ते आम्ही शिकवले. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. पदवीबरोबर मी जी अभिरुची कमावली, तिच्यात जलशाला जागा नव्हती. वर्गात मी मराठी नाटकाचा इतिहास शिकवला, तेव्हा १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाच्या साच्यात नवा आशय भरून गावोगाव जे उभे केले, त्याचा उल्लेख मी ‘लोकप्रबोधन’ या सदरात केला. ‘नाटक’ या सदरात केला नाही. रकाना आधी माझ्या डोक्यात कोरा होता, मग तो त्याच्या अर्जात उतरला.

पुढची चूकही माझीच. चाचणीसाठी मी त्याला ‘नटसम्राट’मधले स्वगत बसवून दिले. नाटक थोर आहे, वाद नाही. पण वैभव भोगून रस्त्यावर आलेल्या वृद्ध नटाचे दुःख एकवीस वर्षांच्या पोराने कोठून आणायचे? त्याने कॅसेट ऐकावी तशी नक्कल केली. ‘ण’ आणि ‘न’ सांभाळण्यातच त्याची निम्मी शक्ती गेली. समितीतल्या एकाने विचारले, “याशिवाय तुमचं स्वतःचं काही आहे?” तो गप्प राहिला. निवड झाली नाही. समितीला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. पण त्या दिवशी समितीने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

म्हणून उताऱ्याची निवड ही समीक्षाच आहे, असे मी मानतो. मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांच्या ‘युगयात्रा’पासून दलित रंगभूमीची जी वाट निघाली, तिच्यावर आपल्या वयाच्या, आपल्या बोलीच्या भूमिका आहेत. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका दोन नटांवर उभी राहते. तिला पडदा लागत नाही, नेपथ्य लागत नाही. अशी संहिता तरुण नटाची खरी परीक्षा घेते.

मात्र येथेच दुसरा सापळा आहे. दलित विद्यार्थी म्हटला की त्याने आक्रोशच करावा, अशी एक सहानुभूतीची अपेक्षा असते. टाळ्या मिळतात, आणि नट मात्र एकाच भूमिकेत कोंडला जातो. आपल्याला विनोद हवा, शृंगार हवा, राजाही हवा आणि विदूषकही हवा. अभिजात नाटकाला पाठ फिरवण्याचेही कारण नाही. ‘मृच्छकटिक’ उघडून पाहा. शकार आपल्या स्थावरक नावाच्या दासाला वसंतसेनेचा खून करायला सांगतो. आधी लालूच, मग मार. दास मार खातो, पण हात उचलत नाही. आपल्या मुलांना चारुदत्ताआधी हा स्थावरक कोणी दाखवला आहे काय?

प्राध्यापक मित्रांना माझे सांगणे एवढेच : अर्ज भरताना विद्यार्थ्याशेजारी बसा. जलसा, वग, पथनाट्य, जयंतीचा ओटा, सारे त्या रकान्यात नीट लिहून घ्या : साल, गाव, भूमिका, दिग्दर्शन कोणाचे. फोटो असेल तर जोडा. उतारा निवडताना विद्यार्थ्याचे वय, त्याचा आवाज, त्याची बोली पाहा. आपली आवड लादू नका. चाचणीआधी तो उतारा वस्तीत करून दाखवायला लावा. तेथील प्रेक्षक खोटेपणा ताबडतोब ओळखतात.

तो विद्यार्थी यंदा पुन्हा अर्ज भरतो आहे. निवड होईल की नाही, मला सांगता येत नाही. पण रकान्यात पहिली ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे : ‘जलसा, बतावणीतील भूमिका, शिक्षक : आजोबा.’ जागा अपुरी पडली, म्हणून त्याने वेगळा कागद जोडला.