दान्तेचा व्हर्जिल बाहेर का राहिला?

ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्म्यावाचून तारण आहे की नाही, हा वाद धर्मपंडितांचा खरा. परंतु त्याची सर्वांत कठीण परीक्षा एका काव्यात झालेली आहे. फ्लॉरेन्समधून १३०२ साली हद्दपार झालेल्या दान्तेने पुढे 'डिव्हाइन कॉमेडी' रचले. नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग अशा तीन लोकांच्या या यात्रेत पहिल्या दोन लोकांतून कवीला सांभाळून नेणारा वाटाड्या आहे रोमन महाकवी व्हर्जिल. पण स्वर्ग जवळ येताच शिष्य पुढे जातो आणि गुरू नाहीसा होतो. त्याला पुढे जाण्याची परवानगी नाही. या कठोरपणाबद्दल दान्तेला दोष देणे सोपे आहे. तो देण्यापूर्वी काव्य पुन्हा एकदा नीट वाचावे, एवढेच मला सांगायचे आहे.

मुळात नियम दान्तेचा नव्हे. पाणी आणि आत्मा यांच्या योगे नवा जन्म झाल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेमाला सांगतो. उलट लूकच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरच्या चोराला पाण्याचा थेंबही न लागता सुखलोकाचे आश्वासन मिळते. ३९२ साली तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा मनात धरून, पण तो होण्यापूर्वीच मरण पावला, तेव्हा बिशप अँब्रोझने त्याची इच्छाच देवाजवळ रुजू होईल असा दिलासा दिला. तात्पर्य, नियम आणि सवलत ही दोन्ही दान्तेपर्यंत परंपरेनेच चालत आली होती. मात्र ही सवलत मागणाऱ्यासाठी होती. ज्याच्या कानावर ख्रिस्ताचे नावच गेले नाही त्याने मागावे कसे?

अशांसाठी दान्तेने नरकाच्या पहिल्याच वर्तुळात जागा केली आहे. तिचे नाव लिंबो. तिथे यातना नाहीत, आक्रोश नाही. फक्त उसासे ऐकू येतात. होमर, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल तिथे आहेत. इतकेच नव्हे तर धर्मयुद्धात ख्रिस्ती सैन्याशी लढलेला सलादिन आणि इब्न सिना, इब्न रश्द हे मुसलमान तत्त्ववेत्तेही आहेत. या लोकांनी पाप केलेले नाही. बाप्तिस्मा त्यांना मिळाला नाही, आणि जे ख्रिस्ताच्या आधीचे त्यांच्याकडून देवाची योग्य उपासना घडली नाही, असे व्हर्जिल स्वतःच सांगतो. त्यांची शिक्षा एवढीच की ओढ आहे आणि आशा नाही. ख्रिस्तपूर्व १९ साली वारलेला व्हर्जिल त्यांच्यापैकीच एक. हे सांगताना त्याचा चेहरा फिका पडतो, आणि ऐकताना दान्तेचे काळीज हलते. नियम पटलेला असूनही मन त्याला राजी होत नाही, ही या काव्यातली खरी ठिणगी होय.

ती स्वर्गातही विझत नाही. 'स्वर्ग' खंडाच्या एकोणिसाव्या सर्गात न्यायी राजांच्या आत्म्यांचा मिळून बनलेला गरुड दान्तेच्या मनातली शंका स्वतःच बोलून दाखवतो : सिंधूच्या तीरावर एक माणूस जन्मला, ख्रिस्ताविषयी सांगणारा तिथे कोणी नाही, त्याचे आचरण निर्मळ आहे, तो बाप्तिस्म्यावाचून मेला, तर त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता? चौदाव्या शतकातला एक इटालियन कवी आपली सर्वांत बोचरी शंका सिंधूकाठच्या माणसाच्या नावाने विचारतो, हे आपण भारतीय वाचकांनी विसरू नये. गरुड उत्तर देत नाही. मानवी दृष्टीची मर्यादा तेवढी दाखवतो. मात्र ख्रिस्ताचे नाव सदा घेणारे पुष्कळजण अंती त्याला न ओळखणाऱ्यांपेक्षाही त्याच्यापासून दूर असतील, असेही तो बजावतो.

पुढच्याच सर्गात दान्ते वाचकाला थक्क करतो. गरुडाच्या डोळ्याभोवती जे आत्मे तेजाने झळकत आहेत त्यांत रिफिअस नावाचा ट्रोजन आहे. ख्रिस्तापूर्वी कित्येक शतकांचा हा माणूस स्वर्गात आला कसा? श्रद्धा, आशा आणि प्रीती या तिघींनी त्याचा बाप्तिस्मा केला, असे उत्तर मिळते. म्हणजे अपवाद करतानाही दान्ते बाप्तिस्मा वगळत नाही. तो पाण्यापलीकडचा बाप्तिस्मा दाखवतो. आणि हा रिफिअस कोण? व्हर्जिलच्याच 'इनिड' महाकाव्यात दोन-चार ओळींपुरते आलेले एक गौण पात्र! व्हर्जिलने त्याला ट्रोजनांतला सर्वांत न्यायी पुरुष म्हटले, तेवढ्या शब्दावर दान्तेने त्याला स्वर्ग दिला; आणि ते शब्द लिहिणारा बाहेर राहिला.

ही विसंगती दान्तेच्या नजरेतून निसटली असेल, हे मला मुळीच संभवत नाही. रिफिअससाठी दार उघडता येते तर व्हर्जिलसाठी का नाही, हा प्रश्न त्याने मुद्दाम आपल्या हाती ठेवला आहे. 'शुद्धिलोका'त स्टेशिअस हा कवी व्हर्जिलला म्हणतो की, रात्री दिवा पाठीमागे धरून चालणाऱ्यासारखे तुम्ही झालात : स्वतःला उजेड नाही, मागून येणारे मात्र शहाणे झाले. शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे चित्र निराळे समजावून सांगावे लागत नाही. व्हर्जिलला स्वर्ग मिळाला असता तर वाचक समाधानाने पुस्तक मिटता आणि नियमाची किंमत काय असते हे त्याला कधीच कळले नसते.

सिंधूच्या देशात हा प्रश्न पुढे काव्यापुरता राहिला नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. ती हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून आपल्या परिचयाची आहे. बाप्तिस्म्याची किंमत अशी स्वतः मोजलेल्या टिळकांनीच १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे. परंतु देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, अशी पुस्तीही तिथे आहे.

दान्तेने अशी पुस्ती जोडली नाही. पण फ्लॉरेन्सच्या ज्या बाप्तिस्मागृहात त्याचा बाप्तिस्मा झाला, तिथलेच एक पात्र आपण एकदा फोडले, असे तो 'नरक' खंडात जाता जाता सांगतो. कारण त्यात कोणीतरी बुडत होते. संस्काराचे पात्र आणि बुडता जीव यांतून निवड करायची वेळ आली तेव्हा त्याने काय केले, हे त्याचे शास्त्र वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.