ओझूंच्या चित्रपटांतील शरद

शरद ऋतूत आवर्जून पाहावेत अशा चित्रपटांचा विचार करू लागताच जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू (१९०३–१९६३) यांच्या अखेरच्या तीन कृती प्रथम आठवतात. परंतु या कृती आपल्यापर्यंत इंग्रजी नावांनी आल्या आणि त्या नावांनी मूळच्या ऋतूचा अर्थ पालटून टाकला, याकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे.

'अकिबियोरी' (१९६०) म्हणजे शरदातील निरभ्र दिवस. इंग्रजीत त्याचे 'लेट ऑटम' झाले. निरभ्रतेच्या जागी ऋतूची अखेर आली. १९४९ च्या 'लेट स्प्रिंग'शी त्यामुळे जोड जुळते हे खरे. तेथे कन्येची भूमिका करणाऱ्या सेत्सुको हारा येथे विधवा माता झाल्या आहेत. पण मुलीचे लग्न झाल्यावर एकट्या उरलेल्या त्या मातेच्या मुखावर अखेरीस जे अस्फुट स्मित उमटते, त्याचा उलगडा मूळ शीर्षकानेच होतो. ते स्मित निवळलेल्या मनाचे आहे.

१९६१ च्या चित्रपटाचे मूळ नाव 'कोहायागावा घराण्याचा शरद' असे आहे. कथा घडते ती मात्र उन्हाळ्यात. म्हणजे शरद येथे निसर्गाचा नसून एका मद्योत्पादक घराण्याच्या उतरणीचा आहे. 'दि एंड ऑफ समर' या नावाने रूपक हरपले व केवळ हवामान शिल्लक राहिले.

याउलट १९६२ च्या 'ॲन ऑटम आफ्टरनून'च्या मूळ नावात शरद हा शब्दच नाही. तेथे आहे 'सान्मा' या शरदात मिळणाऱ्या साध्या माशाची चव. आणि तो मासा चित्रपटात कोठेही दिसत नाही. मुलीची पाठवणी करून रात्री स्वयंपाकघरात एकटा बसलेला पिता पाहिला की ती चव कशाची, हे प्रेक्षकाला न सांगता कळते.

आपल्या लेखनात 'ऑटम'साठी 'पानगळ' हा शब्द सर्रास योजला जातो. वस्तुतः आपल्याकडे पानगळ शिशिरातली. शरद हा पावसानंतर गढूळ पाणी निवळण्याचा काळ. ओझूंच्या पात्रांचे दुःखही असेच तळाशी बसते आणि वरचे पाणी स्वच्छ होते. त्यांना पानगळीचे कवी ठरविणे म्हणजे इंग्रजी शीर्षकांवर भाष्य करणे होय. मराठी अभ्यासकाजवळ मूळ अर्थाच्या अधिक निकटचा शब्द असताना त्याने तो का टाकावा?